स्ट्रेंग्थ ८५ टक्के, क्वालिटी शून्य: घरच्या छत्रीसाठी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर कसा वापरावा

प्रश्न असा आहे: पुण्यात घराच्या गच्चीवर ६० सेंटिमीटरची छत्री बसवली आहे, तिच्यावर डीडी फ्री डिश लावायचं आहे. सेट-टॉप बॉक्सवर स्ट्रेंग्थ ८५ टक्के दिसते, पण क्वालिटी शून्यावरून हलत नाही. मित्राने हातात धरायचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर काही दिवसांसाठी दिला आहे. त्याचा उपयोग होईल का आणि त्यात नेमकं काय बघायचं?

उपयोग नक्की होईल. त्याआधी बॉक्सवरच्या त्या ८५ टक्क्यांचा विचार डोक्यातून काढून टाका. एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांडीवरचा, सिग्नल पकडून वाढवणारा डबा. त्याला वीज मिळाली की तो स्वतःचा आणि आकाशाचा गोंगाट (नको असलेला रेडिओ सिग्नल) सुमारे ५५ ते ६० डीबीने वाढवून केबलमध्ये सोडतो. डीबी म्हणजे डेसिबल, पटीचं माप: ३ डीबी म्हणजे दुप्पट शक्ती. बॉक्सचा स्ट्रेंग्थचा पट्टा केबलमधून एकूण किती शक्ती आली एवढंच मोजतो. त्यात उपग्रहाचा वाटा किती आणि गोंगाटाचा किती, हे त्याला सांगता येत नाही. छत्री शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे वळवली तरी ७०-८० टक्के दिसू शकतात. अ‍ॅनालायझर हीच शक्ती फ्रिक्वेन्सीनुसार उलगडून दाखवतो, म्हणून खालचा गोंगाटाचा तळ आणि त्यावर उभे असलेले ट्रान्सपॉन्डरचे (उपग्रहावरच्या एकेका प्रक्षेपकाचे) उंचवटे वेगवेगळे दिसतात. नवखा माणूस उंचवट्यांच्या टोकाकडे बघत बसतो. मी तुम्हाला आधी तळाकडे बघायला सांगेन, कारण बहुतेक बिघाड तिथेच सापडतात.

जोडणी करताना घाई नको. एलएनबीच्या केबलवर बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. डिशसाठीच बनवलेले सॅट मीटर हा पुरवठा स्वतः देतात, त्यांना एलएनबी थेट जोडता येतो. सर्वसाधारण अ‍ॅनालायझरच्या इनपुटमध्ये मात्र हे व्होल्ट गेले तर आतला पहिला नाजूक भाग, मिक्सर, जळू शकतो, आणि ती दुरुस्ती महाग पडते. तुमच्या हातातलं यंत्र कुठल्या प्रकारचं आहे ते त्याच्या पुस्तिकेत बघा. साधा अ‍ॅनालायझर असेल तर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा दुहेरी स्प्लिटर घ्या, ज्याच्या एकाच तोंडातून डीसी पलीकडे जातो. त्या तोंडाला बॉक्स लावा आणि डीसी अडवणाऱ्या तोंडाला अ‍ॅनालायझर. अ‍ॅनालायझरच्या आधी वेगळा डीसी ब्लॉकही बसवा. जोडण्यापूर्वी त्या तोंडावर मल्टिमीटर लावून शून्य व्होल्ट असल्याची खात्री करा. स्प्लिटरमध्ये चारेक डीबी जातात, त्याची काळजी नको. सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं.

आता सेटिंग. मध्य फ्रिक्वेन्सी १५५० मेगाहर्ट्झ आणि स्पॅन १२०० मेगाहर्ट्झ ठेवा, म्हणजे एलएनबीकडून येणारा सगळा पट्टा एका नजरेत येईल. रिझोल्यूशन बँडविड्थ (एका वेळी मोजायच्या पट्टीची रुंदी) १ मेगाहर्ट्झ, रेफरन्स लेव्हल (पडद्याची वरची मर्यादा) उणे ३० डीबीएमच्या आसपास, अ‍ॅटेन्युएटर शून्य किंवा १० डीबी. डिटेक्टर पॉझिटिव्ह पीकवर असेल तर बदलून सॅम्पल किंवा अ‍ॅव्हरेजवर आणा. पीक डिटेक्टर गोंगाटाचा तळ आहे त्यापेक्षा वर दाखवतो आणि उंचवटे बुटके भासतात.

छत्रीला हात लावण्याआधी एक चाचणी करा. बॉक्स बंद असताना पडद्यावरची रेघ कुठे आहे ते लक्षात ठेवा, मग बॉक्स चालू करा. एलएनबी जिवंत असेल आणि केबल ठीक असेल तर रेघ सरळ १० डीबी किंवा त्याहून अधिक वर उचलली जाते. ती जागची हलली नाही तर एलएनबीपर्यंत वीज पोहोचत नाही, किंवा एलएनबी मेलेला आहे, किंवा एफ कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या स्क्रूच्या जोडात) जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकली आहे. दोनतीन डीबीच उचलली तर तुमच्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट आड येतो आहे. अशा वेळी मध्ये एक लाइन अ‍ॅम्प्लिफायर घाला, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील. ही चाचणी मी कधीच वगळत नाही.

त्यानंतर १३ आणि १८ व्होल्टमध्ये अदलाबदल करून बघा. १३ ला एलएनबी व्हर्टिकल पोलरायझेशन (उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरी) घेतो, १८ ला हॉरिझॉन्टल (आडव्या). छत्री एखाद्या उपग्रहावर असेल तर दोन्हींची चित्रं वेगळी यायला हवीत. अजिबात फरक पडत नसेल तर बहुधा केबलमध्ये व्होल्टेज गळतं आहे. स्वस्त केबलची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते, लांबी जास्त झाली की १८ व्होल्ट वर पोहोचेपर्यंत इतके उतरतात की एलएनबीला ते १३ वाटतात.

एलएनबीवरची चिठ्ठीही वाचा. युनिव्हर्सल एलएनबीत दोन लोकल ऑसिलेटर असतात, ९७५० आणि १०,६०० मेगाहर्ट्झचे; उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून हा आकडा वजा होऊन सिग्नल केबलमध्ये येतो, आणि २२ किलोहर्ट्झच्या टोनने त्यांच्यात अदलाबदल होते. समजा तुम्हाला हवा असलेला ट्रान्सपॉन्डर ११,०९० मेगाहर्ट्झवर आहे. ९७५० वजा केले की तो पडद्यावर १३४० ला दिसायला हवा. पण जुन्या डिशसोबत आलेला एलएनबी फक्त १०,६०० चा असेल तर हिशेब ४९० वर येतो, जो ९५० च्या कितीतरी खाली आहे. मग पडद्यावर तळ छान उचललेला दिसतो पण त्यावर हवा तो उंचवटा येतच नाही, आणि बॉक्स स्ट्रेंग्थ दाखवतो, क्वालिटी नाही. तुमच्या तक्रारीचं हे एक सरळ कारण असू शकतं. ट्रान्सपॉन्डरची ताजी यादी प्रसार भारतीच्या संकेतस्थळावरून घ्या. जुन्या व्हिडिओतले आकडे वापरू नका.

आता दिशा. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, पूर्व रेखांश ९३.५ अंश. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ ने गेला. पुण्यातून तो खऱ्या उत्तरेपासून १३१.७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८.८ अंश उंच दिसतो. मुंबईहून हे आकडे १३१ आणि ५७.५ होतात, नागपूरहून १४४.५ आणि ६०.३. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात जेमतेम फरक आहे, त्यामुळे वेगळी दुरुस्ती नको. मात्र होकायंत्र लोखंडी रेलिंग, पत्रे आणि स्लॅबमधल्या सळ्यांपासून दूर धरा. उंचीचा कोन छत्रीच्या मागच्या कंसावरच्या खुणांवर लावा. या ऑफसेट छत्र्या असतात, त्यांचा चेहरा उपग्रहाच्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली झुकलेला असतो; डोळ्याने बघून लावाल तर नेहमी चुकेल. खांब ओळंब्यात असेल तरच कंसावरच्या खुणांना अर्थ आहे. शेजाऱ्याची छत्री बघून आपली वळवू नका. त्याच्याकडे टाटा प्ले असेल तर त्याची छत्री ८३ अंश रेखांशाकडे, म्हणजे पुण्यातून १५३ अंशांवर बघते. एअरटेल असेल तर १०८.२ अंशांकडे, म्हणजे ११५ वर.

समोर झाड किंवा इमारत आड येते का हे तपासायला सूर्य मदत करतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य पुण्यातून नेमका जीसॅट-१५ च्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर आंब्याची सावली पडली तर सिग्नलही त्याच फांदीतून येतो आहे. तेव्हाच अ‍ॅनालायझर लावलेला असेल तर काही मिनिटं गोंगाटाचा सगळा तळ वर सरकताना दिसतो आणि उंचवटे बुटके होतात. रोजचे कार्यक्रम त्याच वेळेला तुटत असतील तर त्यात छत्रीचा दोष नसतो.

खरं कठीण काम इथून पुढचं आहे. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, ११ गिगाहर्ट्झला सुमारे ३ अंश रुंद असतो. जीसॅट-१५ च्या पूर्वेला अवघ्या दीड अंशावर, ९५ अंशांवर, एसईएस-८ आहे, ज्यावरून डिश टीव्ही येतो. पश्चिमेला ९१.५ अंशांवर मीसॅटचे उपग्रह आहेत. म्हणजे तुमची छत्री जीसॅट-१५ वर अगदी अचूक असली तरी ९५ अंशांवरचा शेजारी जवळजवळ अर्ध्या ताकदीने पडद्यावर दिसणारच. पडद्यावर भरपूर उंचवटे आले म्हणजे काम झालं, असं समजणारे लोक इथेच फसतात. शेजाऱ्यावर लावलेली छत्री स्ट्रेंग्थमध्ये आणि पडद्यावर दोन्हीकडे भरघोस दिसते, फक्त तुमचा बॉक्स तिला ओळखत नाही.

ओळखण्याची रीत अशी. तुमच्या यादीतले व्हर्टिकल ट्रान्सपॉन्डर घ्या, प्रत्येकातून ९७५० वजा करून पडद्यावरची जागा काढा आणि तिथे मार्कर ठेवा. उंचवटा त्या जागी आहे का, आणि त्याची रुंदी जुळते का, हे दोन्ही बघा. रुंदी सिम्बॉल रेटवर (सेकंदाला किती चिन्हं पाठवली जातात त्यावर) ठरते: २९,५०० किलोसिम्बॉल आणि ०.२ रोल-ऑफ (कडांसाठीची जादा रुंदी) असेल तर उंचवटा सुमारे ३५ मेगाहर्ट्झ रुंद. मग छत्री अगदी हळू पूर्वेकडे सरकवा. पुण्यातून ९५ अंशांचा उपग्रह १२९.४ अझिमुथ (खऱ्या उत्तरेपासूनचा दिशाकोन) आणि ५७.५ उंचीवर आहे, ९१.५ चा १३५ आणि ६०.३ वर. पूर्वेकडे जाताना काही उंचवटे वाढतात आणि काही खाली बसतात. एकत्र वाढणारे एका उपग्रहाचे, एकत्र बसणारे दुसऱ्याचे. दोन कुटुंबं अशी डोळ्यांदेखत वेगळी होतात, आणि हे सुख कुठल्याही पिप-पिप करणाऱ्या फाइंडरमध्ये नाही. एवढ्या उंचीच्या कोनावर अझिमुथ २ अंश फिरवला तर आकाशात झोत जेमतेम १ अंश सरकतो, हे लक्षात ठेवा. उंचीच्या नटाला मात्र अशी सूट नाही, तिथला अंश पुरा अंश असतो.

नेमका मध्य शोधताना नुसता सर्वांत उंच बिंदू धरू नका. झोताचं टोक सपाट असतं, अर्धा अंश इकडेतिकडे झालं तरी अर्धा डीबीही पडत नाही, आणि पडद्यावरची रेघ तेवढी थरथरतच असते. त्यापेक्षा आपल्या एका ठरावीक उंचवट्यावर लक्ष ठेवून छत्री एका बाजूला ३ डीबी पडेपर्यंत न्या, खांबावर पेन्सिलने खूण करा. मग दुसऱ्या बाजूला ३ डीबी पडेपर्यंत न्या आणि तिथे खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये आणून आवळा. उंचीसाठीही तेच. यंत्रात दोन ट्रेस (रेघा) असतील तर एक मॅक्स होल्डवर ठेवा आणि छत्री सावकाश फिरवा, प्रत्येक जागी एक पूर्ण स्वीप होऊ द्या. मॅक्स होल्डची रेघ त्या उंचवट्याने गाठलेली कमाल उंची धरून ठेवते. मग जिवंत रेघ तिला टेकेपर्यंत छत्री परत आणायची. यात शेजारच्या उपग्रहांचे उंचवटेही साठतात, म्हणून नजर आपल्या मार्करवरच हवी.

एलएनबी फिरवण्याचा मुद्दा पुणे-मुंबईकरांसाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बसवणारे त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. उपग्रह बरोबर दक्षिणेला नसेल तर त्याचं व्हर्टिकल आपल्याला तिरपं दिसतं. भूमितीनुसार जीसॅट-१५ साठी हा तिरपेपणा पुण्यात ४५ अंश येतो, मुंबईत तेवढाच, कोल्हापुरात ४७ च्या पुढे, नागपुरात ३३ च्या आसपास. ४५ अंश हा सर्वांत वाईट आकडा आहे. एलएनबी सरळ ठेवला तर व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल दोन्ही अर्धे-अर्धे आत येतात. १३ व्होल्टला आणि १८ व्होल्टला चित्र जवळपास सारखंच दिसतं, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्सपॉन्डर एकमेकांवर चढतात, आणि क्वालिटी उठत नाही. स्ट्रेंग्थ ८५, क्वालिटी शून्य याचं माझ्या कामात सर्वाधिक दिसलेलं कारण हेच आहे. वर सांगितलेल्या व्होल्टेज गळण्याच्या चित्राशी याची गल्लत होऊ शकते, म्हणून वर एलएनबीजवळ मल्टिमीटरने १८ व्होल्ट पोहोचतात का ते एकदा मोजा.

छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं की एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. उलट बाजूला ४५ अंश फिरवला तर एकूण ९० अंशांचा फरक पडतो आणि व्हर्टिकल-हॉरिझॉन्टलची पूर्ण अदलाबदल होते. पडदा स्वच्छ दिसतो, उंचवटे सुरेख असतात, पण १३ व्होल्टला यादीतला एकही जुळत नाही आणि १८ ला टाकलं की सगळे जुळतात. हे दिसलं तर लगेच ओळखा.

बारीक जुळवणी करताना हवा असलेला सिग्नल वाढवत बसू नका, नको असलेला मारा. कारण गणितात आहे: ५ अंश चूक असेल तर तुमचा सिग्नल जेमतेम ०.०३ डीबी कमी होतो, डोळ्याला कळणारच नाही. पण दुसऱ्या पोलरायझेशनची गळती उणे २१ डीबी होते. १० अंशांची चूक झाली तर उणे १५. म्हणून अशी जागा शोधा जिथे तुमच्या पोलरायझेशनमध्ये ट्रान्सपॉन्डर भरलेला आहे आणि समोरच्यात रिकामी फट आहे. समोरचं पोलरायझेशन निवडा आणि त्या फटीत तुमच्या सिग्नलची सावली पार खाली बसेपर्यंत एलएनबी मिलिमीटर-मिलिमीटरने फिरवा. ती जागा तीक्ष्ण असते, चटकन सापडते. आकडा ४५ ऐवजी ४२ किंवा ४८ आला तर पडद्याचं ऐका.

केबलबद्दल थोडक्यात. चांगल्या आरजी-६ (डिशच्या नेहमीच्या) केबलमध्ये २० मीटरला ९५० मेगाहर्ट्झवर सुमारे ४ डीबी आणि २१५० वर सुमारे ६ डीबी जातात, म्हणजे तळाची रेघ उजवीकडे दोनेक डीबी उतरती असणं साहजिक आहे. ती आठ-दहा डीबी उतरत असेल तर केबलमध्ये पाणी शिरलंय. समान अंतरावर लाटा दिसत असतील तर कुठेतरी कनेक्टर सैल आहे किंवा केबल चेपली आहे. कोकणात दमट हवेत एका पावसाळ्यात कनेक्टर हिरवे पडतात. तिथे कनेक्टरवर रबरी बूट आणि आपोआप चिकटणारी रबर टेप हवीच, आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

पडद्यावर ९३५-९६०, १८०५-१८८० किंवा २११०-२१७० मेगाहर्ट्झला टोकदार किंवा सरळ कापल्यासारख्या कडांचे उंचवटे दिसले तर ते मोबाइल टॉवरचे असतात, कमी जाळीच्या केबलमधून किंवा उघड्या कनेक्टरमधून आत आलेले. खात्री करायची तर एलएनबीच्या तोंडावर ओलं गोणपाट धरा. उपग्रहाचे उंचवटे नाहीसे होतील, टॉवर तसाच राहील. गावाकडे सहा-आठ फुटी जाळीची सी-बँड (३-४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची) छत्री ठेवणाऱ्यांना याहून मोठा त्रास आहे. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ ५जीसाठी गेले, आणि साधा सी-बँड एलएनबी ते सगळं ओढून घेतो. त्याचा ऑसिलेटर ५१५० चा असल्याने पडदा उलटा असतो, म्हणजे खालची फ्रिक्वेन्सी उजवीकडे येते. टॉवर १४८० च्या पुढे उजवीकडे प्रचंड दिसतो आणि एलएनबी गुदमरून सगळे उंचवटे बसतात. त्याला इलाज एकच: एलएनबीच्या तोंडाशी ३७००-४२०० चा फिल्टर.

शेवटी आकडा वाचायचा. उंचवट्याच्या माथ्यावरचा एक मार्कर आणि शेजारच्या रिकाम्या फटीतल्या तळावरचा दुसरा, यांच्यातला फरक घ्या. माथ्यात गोंगाटही मिसळलेला असतो, त्यामुळे ३ डीबीचा फरक म्हणजे खरं सी-बाय-एन (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) शून्य. ६ म्हणजे ४.७, १० म्हणजे ९.५, त्यापुढे दुरुस्तीची गरज नाही. डीव्हीबी-एस२ ही उपग्रह टीव्हीची प्रक्षेपणपद्धत, आणि ८पीएसके, क्यूपीएसके या तिच्यातल्या सिग्नलमध्ये माहिती भरण्याच्या रीती. त्यातल्या ८पीएसके ३/४ ला आदर्श परिस्थितीत ७.९ डीबी लागतात, २/३ ला ६.६, क्यूपीएसके ३/४ ला ४. म्हणून स्वच्छ आकाशात १० डीबीवर समाधान मानू नका. नीट लावलेल्या ६० सेंटिमीटरवर पुण्यात १३ पर्यंत जायला हरकत नाही, आणि वरचे ते तीन-चार डीबी जुलैच्या सरीत खर्च होणार आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्यांनी थेट ९० सेंटिमीटर घ्यावी. साडेतीन डीबी जास्त मिळतात आणि ९५ अंशांचा शेजारीही बराचसा झोताबाहेर जातो.

यंत्र विकत घ्यावं का, असंही लोक विचारतात. एका घराच्या एका छत्रीसाठी नाही. छंद म्हणून करायचं असेल तर स्पेक्ट्रम दाखवणारा आणि डीव्हीबी-एस२ लॉक करणारा सॅट मीटर घ्या, कारण शेवटी उपग्रहाचं नाव लॉक झाल्यावरच पक्कं होतं. टाइनीएसए अल्ट्रा हा पट्टा दाखवतो, पण साधा टाइनीएसए ९६० मेगाहर्ट्झला थांबतो, तो घेऊ नका. संगणकाला लावायच्या आरटीएल-एसडीआर रिसीव्हरच्या आर८२०टी ट्यूनरची धाव सुमारे १७६६ पर्यंत आणि एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झची खिडकी. केबल-टॉवरची तपासणी त्यावर जमते, छत्री फिरवत बघणं जमत नाही.

नट आवळताना यंत्र जोडलेलंच ठेवा. समोरासमोरचे नट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा, कारण एकच बाजू आधी घट्ट केली तर छत्री अर्धा-एक अंश सरकते आणि मार्कर खाली येतो. आवळून झाल्यावर छत्रीची कड हाताने वर-खाली, डावी-उजवीकडे हलकी दाबा. दाबल्यावर उंचवटा वाढत असेल तर छत्री अजून मध्यावर नाही. चारही बाजूंनी सारखाच घटत असेल तर पडद्याचा फोटो काढा, त्यावर तारीख आणि सेटिंग लिहा, आणि पावसाळ्यानंतर त्याच सेटिंगवर पुन्हा जुळवून बघा.